जुन्या फायबरग्लास फ्लाय रॉडचा संग्रह आणि डागडुजी: ब्लँक जपत काम कसं करावं

मासेमारीच्या जुन्या फायबरग्लास फ्लाय रॉडमध्ये ब्लँक, म्हणजे काचतंतू आणि रेझिनची ती निमुळती पोकळ नळी, एकदा गेली की पुन्हा मिळत नाही. गाइड (दोरी ओवायच्या कड्या) नवे मिळतात, दोरा नवा गुंडाळता येतो, कॉर्कची मूठ नव्याने घडवता येते. पण ब्लँकचा वरचा थर घासून गेला, उष्णतेने रेझिन मऊ पडलं किंवा ब्लेडची रेघ तंतूंत उतरली, तर त्या रॉडची लवच बदलते. म्हणून या लेखातल्या प्रत्येक पायरीला कसोटी एकच आहे: या कामाने ब्लँकला काही होणार आहे का? होणार असेल तर दुसरी वाट शोधायची, आणि नसेल तर ते काम निवांतपणे, नीट करायचं.

काय गोळा करावं

फायबरग्लास रॉडची सुरुवात अमेरिकेत झाली. डॉ. आर्थर हॉवल्ड यांनी १९४४ च्या सुमारास बांबूच्या मोडलेल्या शेंड्याऐवजी काचतंतूंचा शेंडा बनवून पाहिला. त्यातून पुढे मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या शेक्सपिअर कंपनीचा ‘वंडररॉड’ आला. हॉवल्ड पद्धतीच्या ब्लँकमध्ये आतला गाभा सर्पिल गुंडाळलेला असतो आणि त्यावर लांबीच्या दिशेने सरळ तंतू असतात. वाकताना बहुतेक ताण बाहेरचे हे सरळ तंतूच घेतात. अशा ब्लँकला सँडपेपर का लावायचा नाही, याचं उत्तर या रचनेतच आहे. इतर बहुतेक कंपन्यांनी निमुळत्या पोलादी दांड्यावर काचेचं कापड गुंडाळून, वरून सेलोफेनची पट्टी आवळून, भट्टीत भाजून ब्लँक बनवले. पट्टीचे तिरके उंचवटे काही कंपन्यांनी घासून काढले, काहींनी तसेच ठेवले. ब्लँकवर हलके तिरके वळ दिसले तर ते मूळचेच आहेत. दोष समजून ते सपाट करायला जाऊ नका.

नवशिक्याने वंडररॉड, ईगल क्लॉचा पिवळा ‘फेदरलाइट’, हेडन, साउथ बेंड अशा मोठ्या संख्येने बनलेल्या रॉडपासून सुरुवात करावी. ते सहज सापडतात आणि हात बसेपर्यंत एखादा बिघडला तरी मोठं नुकसान होत नाही. पुढच्या पायरीवर फेनविक ही कंपनी येते. रॉडरचनाकार जिम ग्रीन यांच्या कामातून आलेला त्यांचा ‘फेरालाइट’ सांधा, म्हणजे काचेवर काच बसणारा फेरूल, हा या सगळ्या इतिहासातला मोठा टप्पा आहे. धातूचा ताठ तुकडा मधून गेला आणि रॉड बुडख्यापासून शेंड्यापर्यंत एकसंध वाकू लागला. डेन्व्हरच्या फिलिप्सनचे ‘इपॉक्साइट’ रॉडही फार चांगले आहेत, आणि त्यांच्याकडे लक्ष मात्र पुरेसं दिलं जात नाही. ‘झेनिथ’ रॉड बनवणारे पॅसाडेनाचे रस पीक, व्हिन्स कमिंग्ज, सॅन फ्रान्सिस्कोत हॅरी विल्सन यांनी सुरू केलेली स्कॉट, विन्स्टनचे ‘स्टॉकर’, इंग्लंडच्या हार्डीचे ‘जेट’ ही वरच्या श्रेणीतली नावं. या रॉडवर डागडुजी शिकू नये. १९७० च्या दशकात ग्रॅफाइट आलं आणि काच मागे पडली, म्हणून संग्रहाचा मुख्य काळ साधारण १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकापर्यंतचा.

मूठीच्या वर ब्लँकवर लिहिलेली अक्षरं नीट वाचा. फेनविकच्या एफएफ ८०७ सारख्या क्रमांकात ८ फूट लांबी आणि ७ नंबरची लाइन (मासेमारीची दोरी) असा अर्थ असतो. त्याआधीच्या रॉडवर एचडीएच किंवा एचसीएच अशी अक्षरं दिसतात. तेव्हा लाइनची जाडी अक्षराने सांगत: ए म्हणजे ०.०६० इंच आणि एचपर्यंत पुढच्या प्रत्येक अक्षराला ०.००५ इंच कमी. म्हणजे डी ०.०४५ आणि एच ०.०२५ इंच. एचडीएच ही दोन्ही टोकांना ०.०२५ आणि मधल्या पोटात ०.०४५ इंच जाडीची लाइन. आजच्या हिशोबात एचईएच साधारण ५ नंबर, एचडीएच ६ आणि एचसीएच ७ धरतात. मात्र ती मोजमापं रेशमी लाइनच्या काळातली आहेत, त्यामुळे अंतिम निर्णय लाइन टाकून पाहूनच घ्यायचा.

घेण्याआधीची तपासणी

आधी रॉड न जोडता पाहा. दोन्ही भाग बुडाशी टेकवून शेजारी शेजारी उभे धरा. दोन भागांच्या बहुतेक रॉडमध्ये दोन्ही भागांची लांबी जवळपास सारखी असते. शेंड्याचा भाग तीन-चार सेंटिमीटर आखूड असेल तर तो कधीतरी मोडून पुन्हा टिप-टॉप (शेंड्याच्या टोकावरची कडी) बसवलेला आहे. मग जोडून एकूण लांबी मोजा: साडेसात फूट म्हणजे २२८.६ सेंटिमीटर, ८ फूट म्हणजे २४३.८. लेबलशी ताडून पाहा. आणखी दोन खुणा पक्क्या आहेत. टिप-टॉपपासून पहिल्या गाइडचं अंतर साधारण १० ते १३ सेंटिमीटर असतं. ते ५-६ भरलं तर शेंडा कापलेला आहे. टिप-टॉपच्या नळीचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात देतात. ६ नंबरच्या रॉडला ७ किंवा ८ मापाचा टिप-टॉप दिसला तरी संशय घ्या. दोन-तीन सेंटिमीटर गेलेला रॉड मासेमारीला चालतो, थोडा ताठ होतो इतकंच. संग्रहात त्याची किंमत मात्र बरीच उतरते.

त्यानंतर ब्लँक बोटांनी चाचपा. अंगठा आणि तर्जनीत हलकं दाबत, नळी फिरवत, बुडख्यापासून शेंड्याकडे जा. एखाद्या जागी भिंत आत दबत असेल किंवा बारीक कचकच ऐकू येत असेल, तर तिथे थर सुटले आहेत. फिकट रंगाच्या ब्लँकमागे टॉर्च धरला तर आतली चीर गडद रेषेसारखी दिसते. आडवी पांढरी रेघ म्हणजे त्या जागी रॉड मर्यादेपलीकडे वाकला होता; असा रॉड घेऊ नका. फेरूलच्या तोंडाशी लांबीच्या दिशेने बारीक चीर असेल तर ती दुरुस्त होते, पण ती सांध्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापेक्षा लांब गेली असेल तर सोडून द्या. शेवटी रॉड जोडा, शेंडा छताला हळूच टेकवून मध्यम वाक द्या आणि रॉड स्वतःभोवती फिरवत लव सगळीकडे सलग आहे का ते पाहा. कुठे कोन पडत असेल तर तिथे इजा आहे. हलवताना टिक-टिक आवाज आला तर बहुधा धातूचा फेरूल आतून सुटला आहे. ही तक्रार बरी होणारी आहे, घाबरून रॉड नाकारू नका.

गाइडची झीज डोळ्यांना दिसत नाही. जुन्या नायलॉन मोज्याची पट्टी आतून ओढा, खाच असेल तिथे ती अडकते.

नोंद, मग सफाई, मग विचार

काम सुरू करण्याआधी प्रत्येक गाइडचं टिप-टॉपपासूनचं अंतर, प्रत्येक गुंडाळीची लांबी, दोऱ्याचा मुख्य रंग आणि किनारीचा रंग वहीत लिहा. लेबलचे आणि फेरूलच्या गुंडाळीचे फोटो जवळून काढा. दोऱ्याचा मूळ रंग गाइडच्या पायाखाली, जिथे ऊन पोचलेलं नसतं, तिथेच खरा दिसतो. वरून करडा दिसणारा दोरा आत गडद हिरवा निघू शकतो.

सफाईला कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि मऊ कापड पुरतं. लेबलवर कापड फक्त टेकवा, घासू नका. मळ जात नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन आधी लपलेल्या जागी चाचणी करा. काही लेबलांवरचं वार्निश अल्कोहोलने विरघळतं. अ‍ॅसिटोन लांब ठेवा. रंग काढायचं रसायन तर कधीच नको, ते वार्निश आणि ब्लँकचं रेझिन यांत फरक करत नाही.

सफाईनंतर थांबा आणि ठरवा. गुंडाळ्या घट्ट आहेत, गाइड गुळगुळीत आहेत, फक्त वार्निशला बारीक भेगा आहेत, अशा वेळी सगळं उतरवणं चूक. जुन्या वार्निशवरून स्पार वार्निशचा (बाहेरच्या लाकडाला लावायचं लवचीक वार्निश) एक पातळ हात द्या आणि सोडा. मूळ गुंडाळी शाबूत असलेला, थोडा वापरलेला दिसणारा रॉड नव्यासारख्या चकचकीत केलेल्या रॉडपेक्षा आमच्या मते जास्त मोलाचा असतो. दोन-तीन गाइड खराब असतील तर तेवढेच बदला. पूर्ण उतरवणं फक्त तेव्हा, जेव्हा बहुतेक गुंडाळ्या सुटल्या आहेत किंवा मध्ये कोणीतरी भलतंच काम करून ठेवलं आहे.

गाइड उतरवणं

सगळ्यात जास्त ब्लँक या पायरीवर खराब होतात. नवं ब्लेड घ्या आणि ते फक्त गाइडच्या धातूच्या पायावरून, पायाच्या लांबीने, जवळजवळ आडवं चालवा, जसं फळाचं साल काढतात. खाली धातू असल्यामुळे ब्लेड ब्लँकपर्यंत पोचत नाही. पाय उघडा पडला की गाइड वर उचला आणि दोऱ्याचं टोक धरून उलगडा. वर जाड इपॉक्सी असेल तर हेअर ड्रायरने वीस-तीस सेकंद ऊब द्या. ब्लँक हाताला धरवेल इतपतच गरम होऊ द्या. हीट गन वापरू नका, जुन्या रेझिनला ती झेपत नाही.

दोरा निघाल्यावर दोन्ही कडांना वार्निशची उंच रेघ उरते. ती नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडा. चिवट असेल तर अल्कोहोलचा बोळा पाच मिनिटं ठेवून पुन्हा प्रयत्न करा. दोऱ्याखालचा ब्लँक बाजूच्यापेक्षा गडद किंवा उजळ दिसेल, तो तसाच असू द्या. नवे गाइड त्याच जागी बसले की तो फरक झाकला जातो.

टिप-टॉप काढताना ज्योत नळीवर नाही, पुढच्या कडीवर धरा. धातूतून उष्णता मागे जाते, चिकट मऊ होतं आणि पकडीने सरळ ओढल्यावर तो सुटतो. तीन-चार सेकंदांचे छोटे टप्पे घ्या. पिळू नका, शेंड्याची भिंत कागदासारखी पातळ असते.

ब्लँकची डागडुजी

उन्हाने वरचं रेझिन झिजून काचतंतू उघडे पडलेले असतील तर पृष्ठभाग पांढुरका, खरखरीत लागतो आणि हाताला टोचतो. नायट्राइल हातमोजे घाला. अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि पातळ केलेलं स्पार वार्निश लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसल्यासारखं लावा. एका दिवसाच्या अंतराने दोन हात पुरतात. कुठे घासणं अगदी अटळ असेल तर ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून फक्त वार्निशवर चालवा, तंतू दिसायच्या आधी थांबा आणि धूळ वाळू न देता पुसून घ्या. काचेची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही, म्हणून मास्क हवाच.

मध्ये मोडलेला ब्लँक जोडता येतो, तो संग्रहासाठी नाही तर वापरासाठी. फुटलेले तंतू बारीक दातांच्या करवतीने काटकोनात कापा. कापण्याआधी त्या जागी मास्किंग टेप घट्ट गुंडाळा म्हणजे कड उसवत नाही. दुसऱ्या निकामी ब्लँकमधून असा निमुळता तुकडा शोधा की जो बुडख्याच्या बाजूने आत सोडल्यावर मोडलेल्या जागी घट्ट अडकून अर्धा बाहेर येतो. दोन्ही बाजूंना व्यासाच्या किमान आठपट लांबी आत हवी; ८ मिलिमीटर जाड ब्लँकला प्रत्येक बाजूला साडेसहा सेंटिमीटर. आतला भाग अल्कोहोलने स्वच्छ करा, चोवीस तासांत वाळणारं इपॉक्सी लावा, जोडा, रॉड डोळ्यासमोर आडवा धरून सरळपणा पाहा आणि सांध्यावर तीन-चार सेंटिमीटर दोरा गुंडाळा. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी इथे वापरू नका. वाकताना ते पुरेसा ताण घेत नाही आणि ओलाव्यात लवकर सुटतं.

फेरूल

धातूचे फेरूल चांगल्या रॉडवर निकल सिल्व्हरचे, स्वस्त रॉडवर निकलचा मुलामा दिलेले पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. सैल वाटणारा किंवा अडकणारा फेरूल बऱ्याचदा नुसता मळलेला असतो. नर भाग अल्कोहोलच्या कापडाने आणि मादी भाग कापूस गुंडाळलेल्या काडीने, कापूस स्वच्छ निघेपर्यंत पुसा. पॉलिशची पेस्ट किंवा स्टील वूल लावू नका. हा सांधा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बसवलेला असतो, एकदा झिजवला की पुन्हा भरता येत नाही. नीट बसणारा फेरूल सोडवताना हलका ‘पॉप’ आवाज देतो.

अडकलेले भाग पिळून काढू नका. ब्लँक फेरूलच्या मुळाशी उसवतो. बर्फाची पिशवी सांध्यावर काही मिनिटं धरा, मग मादी भागाला फक्त हाताची ऊब द्या आणि दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून, प्रत्येकाचा एक हात सांध्याच्या एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला अशी पकड घेऊन, एका सरळ रेषेत ओढा. गाइड धरून जोर लावायचा नाही.

आतून सुटलेला फेरूल पुन्हा चिकटवताना आधी त्याच्या मानेवर बारीक ठिपका दिसतो का पाहा. ते पिनचं डोकं असतं. असेल तर पिन बारीक पंचने ठोकून काढा. शेजारच्या ब्लँकवर ओलं कापड गुंडाळा, धातू स्पिरिटच्या दिव्यावर फिरवत काही सेकंद तापवा आणि सरळ ओढा. जुनं सिमेंट खरवडून, आत-बाहेर अल्कोहोलने पुसून, हळू वाळणाऱ्या इपॉक्सीने बसवा. ब्लँकच्या चिकटणाऱ्या भागावर लांबीच्या दिशेने इपॉक्सी कमी लावलेली एक बारीक पट्टी सोडा. कोंडलेली हवा तिथून बाहेर जाते, नाहीतर फेरूल हळूहळू मागे सरकत राहतो. नवा फेरूल घ्यायचा असेल तर त्याचंही माप चौसष्टाव्या भागातच: १३ मापाचा फेरूल म्हणजे १३/६४ इंच, ५.१६ मिलिमीटर.

काचेच्या फेरूलचा विचार वेगळा. स्पिगट प्रकारात, जिथे एका भागातून बाहेर आलेली खुंटी दुसऱ्या भागात जाते, जोडल्यावर दोन भागांमध्ये ६ ते १२ मिलिमीटर फट राहिलीच पाहिजे. ही फट दोष नाही, झिजेसाठी ठेवलेली जागा आहे. ती पूर्ण बंद झाली की सांधा सैल होतो. आधी खुंटीवर पॅराफिन मेण चोळून पाहा, बऱ्याच रॉडना तेवढं पुरतं. नाही पुरलं तर खुंटीवर इपॉक्सीचा अतिशय पातळ थर देऊन, पूर्ण वाळल्यावर ओल्या ६०० पेपरने थोडं थोडं उतरवत फट परत आणा. हा थर उतरवताना मूळ खुंटीला पेपर लागू देऊ नका.

मादी बाजूच्या तोंडावरची गुंडाळी ही शोभा नाही. आत खुंटी घुसली की नळीच्या भिंतीवर बाहेरच्या दिशेने ताण येतो आणि तो धरून ठेवायला फक्त दोराच असतो. ती गुंडाळी सैल असताना रॉड जोडून वाकवला तर नळी उभी चिरते. तिथे बारीक चीर असेल तर तोंड किंचित उघडून पातळ इपॉक्सी चिरेत मुरू द्या, बाहेर आलेलं पुसा आणि लगेच दोन ते अडीच सेंटिमीटर दोरा, बाकी गाइडपेक्षा जास्त ताणाने, अगदी कडेपासून गुंडाळा. वाळेपर्यंत रॉड जोडू नका.

मूठ आणि रील सीट

काळी पडलेली मूठ बहुतेक वेळा साबणाचं कोमट पाणी आणि मेलामाइन स्पंजने उजळते. कॉर्क फार भिजवू नका. त्यानंतरही खडबडीत असेल तर २२० आणि मग ४०० चा पेपर अगदी हलक्या हाताने. जुन्या मुठी मुळात बारीक असतात, जास्त घासलं की हातात बसत नाहीत. खड्डे भरायला कॉर्कचाच बारीक भुसा पाणी न लागणाऱ्या सुतारी गोंदात मळून भरा, थोडा उंच ठेवा, दुसऱ्या दिवशी समतल करा. एखादं कडं पार तुटलं असेल तर तेवढं कापून काढा, अर्धा इंच जाडीचं नवं कडं उभं दोन भागांत चिरून ब्लँकच्या मापाने आतून कोरा, दोन्ही बाजूंनी चिकटवा आणि रबर बँडने आवळून ठेवा. नवं कॉर्क फिकट दिसतं, वापराने रंग जुळत जातो.

अ‍ॅल्युमिनियमच्या रील सीटचे (रील, म्हणजे लाइन गुंडाळायचं चक्र, बसतं तो भाग) आटे जाम असतील तर भेदक तेल टाकून रात्रभर ठेवा, मग जुन्या टूथब्रशने साबणाने धुवा. सोडा किंवा डिशवॉशरची पावडर वापरू नका, अल्कली अ‍ॅनोडाइझिंगचा रंग खाते. सीट ब्लँकवर फिरत असेल आणि बाकी ठीक असेल तर ती उतरवायची गरज नाही. रीलच्या पायाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी दीड मिलिमीटरची दोन भोकं पाडा, ड्रिल फक्त सीटच्या धातूपुरतं जाऊ द्या, आणि सिरिंजने एका भोकातून हळू वाळणारं इपॉक्सी दुसऱ्यातून बाहेर दिसेपर्यंत भरा.

गाइड आणि गुंडाळी

गाइडची संख्या साधारण फुटांतल्या लांबीपेक्षा एकने जास्त किंवा तेवढीच, टिप-टॉप वेगळा. मूळ अंतरं मिळाली तर तीच ठेवा. नोंद नसेल तर साडेसात फुटी, दोन भागांच्या रॉडसाठी टिप-टॉपपासून ही अंतरं चालतात: ११, २४, ३९.५, ५८, ७९.५, १०३.५, १२९.५ आणि १५७.५ सेंटिमीटर. शेवटचा स्ट्रिपिंग गाइड (मुठीकडची मोठी गोल कडी), बाकी स्नेक (पीळ दिलेल्या तारेचे). यात कोणताही गाइड मधल्या फेरूलवर येत नाही.

बाजारातून आलेल्या गाइडचा पाय जसाच्या तसा बसवू नका. टोक बारीक कानशीने वरून उतरतं करा, म्हणजे दोरा ब्लँकवरून पायावर चढताना फट राहत नाही. खालच्या बाजूची धार आणि बोचरे कण ४०० पेपरने नक्की काढा. हे कण प्रत्येक कास्टला, म्हणजे लाइन फेकताना, ब्लँकमध्ये रुततात आणि काही काळाने रॉड नेमका गाइडच्या पायाशी मोडतो.

दोरा ए मापाचा नायलॉन घ्या. जुन्या रंगछटा हव्या असतील तर रेशीम सुंदर दिसतं, पण वार्निश लागल्यावर ते फार गडद होतं. नायलॉनही वार्निशने पारदर्शक होतो. रंग अपारदर्शक ठेवायचा तर कलर प्रिझर्व्हरचे दोन हात आधी द्यावे लागतात. मूळ रॉडवर कोणता प्रकार होता हे ओळखा आणि निकामी तुकड्यावर नमुना करून पाहा.

क्रम असा:

१. गाइडचा एक पाय मास्किंग टेपच्या बारीक पट्टीने धरून ठेवा आणि दुसरा बांधायला घ्या.
२. पायाच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर अलीकडे ब्लँकवर दोऱ्याचा वेढा घ्या. टोक वेढ्यांखाली दाबत आठ-दहा वेढे द्या आणि उरलेलं टोक कापा.
३. ताण एकसारखा ठेवत, रॉड फिरवत पायावर चढा. फट पडली तर लगेच नखाने मागे सरकवा.
४. शेवटचे सहा-सात वेढे उरले की दुहेरी दोऱ्याचा फास त्यांच्याखाली घाला. वेढे पूर्ण करा, टोक फासात ओवा, ओढून आत घ्या आणि नव्या ब्लेडने कड लागेल तिथे कापा.
५. पेनाच्या गुळगुळीत टोपणाने गुंडाळी दाबून फटी मिटवा.

ताण किती, तर गुंडाळी झाल्यावर बोटाने जोर लावून गाइड किंचित सरकवता आला पाहिजे. रॉडमधून आरपार पाहत सगळे गाइड एका रेषेत आणायला ही सवड लागते. फार आवळलेला दोरा पातळ भिंतीच्या काचेला दाबून ठेवतो.

वरचं आवरण

जुन्या रॉडवर जाड, भिंगासारखं इपॉक्सी शोभत नाही, आणि शेंड्यावर ते वजन वाढवून लव मंदावतं. आमची पसंती स्पार वार्निशला: चार ते सहा पातळ हात, प्रत्येकानंतर किमान चोवीस तास. वेळ कमी असेल तर रॉडसाठीचं लवचीक दोन भागांचं इपॉक्सी घ्या, तेही कमी घट्टपणाचं.

इपॉक्सीचं प्रमाण डोळ्यांनी ठरवू नका. दोन वेगळ्या सिरिंजनी ३-३ मिलिलीटर घ्या, एका हातासाठी पूर्ण रॉडला तेवढं पुरतं. तीन मिनिटं संथ ढवळा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर ओतून पसरवा. थर पातळ झाला की बुडबुडे आपोआप फुटतात. खोली २१ ते २४ अंश सेल्सिअस हवी. ब्रशने लावताना रॉड फिरवत राहा, दोरा पूर्ण मुरल्यावर रॉड थांबवा, खाली जमलेला थेंब ब्रशने उचला, अर्धा फेरा फिरवून पुन्हा उचला. मग मंद मोटरवर चार ते सहा तास फिरवत ठेवा. मोटर नसेल तर पहिला तास दर दोन-तीन मिनिटांनी, पुढे दर दहा मिनिटांनी अर्धा फेरा हाताने द्या.

दुसऱ्या दिवशीही चिकट राहिलं तर प्रमाण चुकलं आहे किंवा ढवळणं अपुरं पडलं आहे. वरून बरोबर मिसळलेला पातळ हात दिला तर बहुतेक वेळा ते बसतं. पृष्ठभागावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले तर सिलिकॉन किंवा हाताचं तेल लागलं होतं. वाळल्यावर हलकं घासून, अल्कोहोलने पुसून पुन्हा लावा. इपॉक्सी त्वचेला लागू देऊ नका, त्याची अ‍ॅलर्जी एकदा झाली की कायमची राहते.

लाइन ठरवणं आणि ठेवणं

पूर्ण वाळायला आठवडा द्या, मगच रॉड वाकवा. लेबलवरच्या नंबरची, एक नंबर हलकी आणि एक नंबर जड अशा तीन लाइन टाकून पाहा. आधुनिक मानकात लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ५ नंबरला १४० ग्रेन (वजनाचं बारीक एकक), ६ ला १६०, ७ ला १८५ आणि ८ ला २१० असतं. तेवढीच लाइन बाहेर ठेवून कास्ट करा. काच ग्रॅफाइटपेक्षा खोल वाकते आणि सावकाश परतते, म्हणून मागच्या कास्टला लाइन सरळ होईपर्यंत थांबा. घाईने केलेल्या चाचणीत चांगला रॉडही लुळा वाटतो. ब्लँक मूठीपर्यंत वाकून वाकलेलाच राहत असेल तर लाइन जड आहे. फक्त शेंडा हलत असेल तर एक नंबर वर जा. कापलेल्या शेंड्याच्या रॉडला बहुधा मूळपेक्षा एक नंबर जड लाइन लागते.

ओला रॉड नळीत घालू नका; कापडी पिशवी ओलावा धरून ठेवते, त्याने वार्निशवर पांढरे डाग येतात आणि कॉर्कला बुरशी लागते. पिशवीच्या वरच्या बंदाला धरून रॉड सरळ टांगा किंवा सपाट ठेवा, भिंतीला तिरका टेकवू नका. बंद गाडीत उन्हात ठेवू नका. भाग नेहमी सुटे ठेवा. केलेल्या कामाची नोंद, म्हणजे काय मूळ आहे, काय बदललं, कोणता दोरा आणि कोणतं वार्निश वापरलं, कागदावर लिहून रॉडच्या नळीतच ठेवा. पुढे तो रॉड ज्याच्याकडे जाईल त्याला ब्लेड उचलण्याआधी हे कळायला हवं.